शेजारच्या खोलीतला आवाज माईकमध्ये घुसतो, भिंतीला काय लावू?

खंजिरीवाला | १४ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव. घरामागे दोन खोल्या आहेत, आधी त्यांत कापूस भरायचो. दोन वर्षांपूर्वी घरच्यांच्या हातापाया पडून त्या रेकॉर्डिंगसाठी मागून घेतल्या. एका खोलीत गायक-वादक बसतात, दुसरीत मी कॉम्प्युटर आणि स्पीकर घेऊन. आसपासची भजन मंडळं येतात, भीमगीतं गाणारी पोरं येतात, लग्नसराईत हळदीची गाणी होतात. पोटापुरतं नाही, पण विजेचं बिल निघतं.

अडचण अशी की मी स्पीकरवर ट्रॅक लावला की तो पलीकडच्या माईकमध्ये येतो. उलट दिशेनं तर आणखी वाईट. तिकडे खंजिरी वाजली की मला ती स्पीकरमधून ऐकू येतेय की भिंतीतून, तेच कळत नाही. परवा अर्धा तास एका माईकचा आवाज कमी करत बसलो, नंतर लक्षात आलं की त्याची वायरच लावलेली नव्हती.

दोन्ही खोल्या १० बाय १२. मध्ये साडेचार इंची विटांची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर. भिंतीत एक फ्लश डोअर. वर टिनाचे पत्रे, त्याखाली पीव्हीसीचं सिलिंग. नागपूरचा एक दुकानदार म्हणतो, पूर्ण भिंतीला दोन इंची फोम लावा, ९० टक्के आवाज बंद. बजेट वीस हजार, ताणून पंचवीस. तोवर मी अंड्यांचे तीनशे ट्रे जमवले आहेत. आई रोज विचारते, कोंबड्या कधी आणणार?

उन्हाळी_सुट्टी | १४ एप्रिल, रात्री १०:०५

आईंचा प्रश्न रास्त आहे.

पऱ्हाटी | १४ एप्रिल, रात्री १०:३१

भाऊ, ट्रे-फे सोडा. आमच्या इकडे एका पोरानं खोलीले चारी बाजूनं गाद्या टांगल्या, आवाज असा गोड येते का विचारू नका. कापूस तं तुमच्या घरचाच हाय. पिंजून घ्या, जाड गाद्या भरून घ्या, न् ठोका खिळे. काहून फोमवाल्याले पैसे देता बाप्पा?

सांजवात | १४ एप्रिल, रात्री ११:१२

मी अकोल्याला घरीच गोष्टी रेकॉर्ड करते. पऱ्हाटीभाऊंचं अर्धं खरं आहे. माझ्या मागे दोन गोधड्या टांगलेल्या असतात आणि त्यांनी आवाज खरंच स्वच्छ येतो. पण पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी मिक्सर लावला की गोधडीला काही फरक पडत नाही. म्हणून मी रात्री दोनला उठते. कूलर बंद, पंखा बंद, एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा, आणि आवाजात "हिवाळ्यातली ती प्रसन्न सकाळ होती".

आणखी एक, हे गमतीत घेऊ नका. ट्रे, साधा फोम, कापूस हे सगळं पेट घेतं, आणि फोमचा धूर विषारी असतो. बंद खोली, एकच दार, वायरींचं जाळं. जे काय लावाल ते बोर्ड आणि एक्स्टेंशनपासून लांब लावा.

घुम्मट | १५ एप्रिल, सकाळी ७:४०

मूळचा यवतमाळचा, सध्या पुण्यात साऊंडचंच काम करतो. सांजवातताईंनी मिक्सरच्या उदाहरणात सगळं सांगून टाकलंय, मी फक्त फोड करतो.

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. खोलीतल्या खोलीत आवाज घुमणं ही एक, आणि खोलीतून बाहेर जाणं ही दुसरी. गादी, गोधडी, फोम घुमणं कमी करतात. ट्रे तर तेही धड करत नाहीत. यांतून हवा जाते, म्हणून आवाजही आरपार जातो. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि ते वजन फटी न ठेवता उभं करावं लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम ५-६ डेसिबल जास्त अडतात. म्हणजे दोन इंची फोमचं वजन भिंतीच्या हिशेबात धरण्यासारखंही नाही. दुकानदाराचे ९० टक्के कशाचे, ते त्यालाच विचारा.

आता गंमत पाहा. साडेचार इंची भिंत दोन्हीकडून प्लास्टर केली की साधारण ४५ डेसिबल अडवते, नऊ इंची ५०. भिंतीच्या पलीकडे माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर ४५ मध्ये शब्द कळत नाहीत, नुसती कुजबुज येते. तुम्हाला तर खंजिरीच्या चकत्या ऐकू येतायत. म्हणजे माझा भिंतीवर संशयच नाही.

दोन गोष्टी बघून सांगा. दाराखाली फट किती आहे? आणि मधली भिंत टिनापर्यंत गेलीय की पीव्हीसीच्या सिलिंगपाशी थांबलीय?

उन्हाळी_सुट्टी | १५ एप्रिल, सकाळी ८:०२

डिटेक्टिव्ह घुम्मट. बॅटरी घेऊन बसलोय, पुढचा भाग टाका.

निवृत्त_ओव्हरसिअर | १५ एप्रिल, सकाळी ११:२०

तीस वर्षं बांधकामावर काढली, म्हणून दोन शब्द. खेड्यात टिनाखालच्या मधल्या भिंती वरपर्यंत नेत नाहीत, कारण मालक म्हणतो, वर कोण पाहणार? मिस्त्रीलाही नागमोडी पत्र्याला वीट भिडवायचा कंटाळा. मग सिलिंग लागलं की पाप झाकलं जातं.

आणि हिंगणघाटचं म्हणजे काळ्या मातीचं बांधकाम. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, तिच्याबरोबर पायाही हलतो. आत्ता एप्रिलात जाऊन पाहा, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली असेल. केसाएवढी असली तर प्लास्टरपुरती असते. पोस्टकार्ड शिरत असेल तर ती आरपार समजा. सिमेंटनं बुजवाल तर पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उघडेल. तिथे ताणला जाणारा सीलंट लागतो.

कोणी नवी भिंत बांधणार असेल तर आणखी एक. हल्ली सगळे पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या मागे आहेत. उष्णतेला उत्तम, आवाजाला नाही. घनमीटरला ६०० किलोच्या आसपास वजन. आपली राखेची वीट त्याच्या जवळपास तिप्पट. चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांमुळे राखेला आपल्याकडे तोटा नाही. आवाजाला राखेची वीट घ्या.

वैनगंगाकाठ | १५ एप्रिल, दुपारी १:१५

आमच्या गडचिरोलीतल्या वडसा भागात उलटा प्रकार. माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीला जुन्या घराच्या दीड फुटी मातीच्या भिंती आहेत. बाजूनं ट्रॅक्टर गेला तरी भिंतीतून काही येत नाही. पण वर कवेलू, म्हणजे कौलं. आवाज थेट आकाशातून खाली उतरतो. शेजारची म्हातारी कोणाला शिव्या देते ते नाटकाच्या गाण्यात रेकॉर्ड झालंय. दिग्दर्शक म्हणाला राहू दे, खलनायिकेच्या एंट्रीला बरं आहे.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, त्याआधी दोन महिने आमच्याकडे गाण्यांची नुसती झुंबड असते. पूर्वी सगळं रंगमंचावर जिवंत वाजायचं, ऑर्गन, तबला, सगळं. आता काही मंडळी ट्रॅक आणतात. त्यावरही कधीतरी वेगळा धागा काढीन, इथे नको.

पऱ्हाटी | १५ एप्रिल, दुपारी १:४०

काढाच. मंडईच्या जत्रेतलं नाटक रातभर पाहून सकाळी वावरात झोपलेला माणूस हाय मी.

अन् घुम्मटभाऊ, गाद्या कामाच्या नायी हे कबूल. पण माही गादी अंड्याच्या ट्रेपेक्षा बरी हे तं लिहा ना एक डाव.

घुम्मट | १५ एप्रिल, दुपारी २:१०

गादी ट्रेपेक्षा शंभर पट बरी. लिहिलं.

खंजिरीवाला | १५ एप्रिल, रात्री १०:२५

घुम्मटदादा, ओव्हरसिअर काका, तुम्ही दोघं माझ्या घरी येऊन गेलात का हो गुपचूप?

आज संध्याकाळी सिलिंगच्या दोन पट्ट्या काढल्या, स्टुलावर चढलो आणि मुंडकं वर घातलं. वर भट्टी पेटल्यासारखं गरम. मोबाईलची बॅटरी मारली तर भिंत आहे कुठे! सिलिंगच्या वर चार बोटं येऊन थांबलीय. तिथून टिनापर्यंत हात उभा केला तर कोपरापर्यंत जागा. तिथे चिमणीचं जुनं घरटं, सुतळीचा गुंता आणि कधीकाळी उडालेल्या कापसाचा राखाडी झालेला थर. पलीकडच्या खोलीत लहान भावाला उभं करून हळू आवाजात म्हटलं, "पाणी आण." त्यानं आणलं.

मग उदबत्ती लावली. दाराच्या खालच्या फटीजवळ धरली तर धूर सरळ पलीकडे ओढला गेला. फटीत पेन्सिल आडवी सरकते. चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग. पोस्टकार्ड सापडलं नाही, लग्नपत्रिका घातली. गेली.

दोन वर्षं मी भिंतीकडे बघत होतो.

घुम्मट | १५ एप्रिल, रात्री ११:००

झालं तर. हिशेब सांगतो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी असेल तर बाकीची ९९ टक्के भिंत किल्ल्याची असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. तुमची भिंत १२ फूट बाय १० फूट धरली तर एक टक्का म्हणजे सव्वा चौरस फूट. तुमची वरची फट त्याच्या कितीतरी पट मोठी आहे, पीव्हीसीचं सिलिंग तिला कसंबसं झाकतंय एवढंच. दाराचंही तसंच. तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट असेल तर दार सागवानी असो की लोखंडी, २२-२३ च्या वर सरकत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी भिंत टिनापर्यंत. मग दार. मग भेगा, बोर्डांची भोकं, वायरी जातात ते पाईप. या तिन्हीआधी एक रुपयाही फोमवर घालू नका.

विजेचा_लपंडाव | १६ एप्रिल, सकाळी ९:३०

माझा मतभेद. भिंत वर नेली तरी टिन दोन्ही खोल्यांवर एकच अखंड आहे. एका टोकाला ठोकलं की दुसऱ्या टोकाला वाजतं. त्यापेक्षा भिंतीलाच इकडून एक इंची चौकट मारून जिप्सम बोर्ड लावा, मध्ये हवा राहील, हवा उत्तम इन्सुलेटर. मी घरी असंच केलंय, एका दिवसात काम होतं.

घुम्मट | १६ एप्रिल, सकाळी १०:१५

टिनाचं बरोबर बोललात, त्यावर येतो. बोर्डाचं मात्र नाही.

जड भिंत, मध्ये हवा, पुढे हलका बोर्ड. यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि बोर्ड तिच्यावर डोलतो. एक इंच हवा आणि एक थर बोर्ड असेल तर हे डोलणं १२० हर्ट्झच्या आसपास येतं. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग तिथेच, डग्ग्याची घुमही त्याच भागात. त्या सुरांना भिंत आधीपेक्षा जास्त आवाज जाऊ देते. वरचे सूर मात्र छान अडतात, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं काम झालं. बोर्ड लावायचाच तर दोन थर, चार इंच अंतर, आत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. मग हे डोलणं ४० च्या खाली-वर जातं आणि तिथे भजनात काही नसतं. पण खोली चार-पाच इंचांनी कमी होते आणि खर्च दुप्पट.

विजेचा_लपंडाव | १६ एप्रिल, सकाळी १०:४०

आता कळलं, आमच्याकडे बाबांचं घोरणं स्पष्ट का येतं आणि टीव्ही का येत नाही.

सांजवात | १६ एप्रिल, सकाळी ११:०५

एक भाबडा प्रश्न. गायक गात असताना स्पीकर लावायचेच कशाला? हेडफोन घाला ना दोघांनीही. अर्धी भानगड फुकटात मिटते.

खंजिरीवाला | १६ एप्रिल, दुपारी ३:२०

ताई, मी माझ्यापुरतं तेच ठरवलंय. पण मंडळातल्या बुवांना हेडफोन घालायला सांगा बरं. आधी टोपी काढायला तयार नाहीत. टोपीवरून घातला तर घसरतो. मग एक कान झाकून एक उघडा ठेवतात आणि उघड्या हेडफोनमधून सगळा ताल माईकमध्ये जातो. एक बुवा तर म्हणाले, "कानात कापूस घातल्यावानी वाटते, देव कसा ऐकू येईन?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निवृत्त_ओव्हरसिअर | १६ एप्रिल, सायंकाळी ६:००

टिनाच्या मुद्द्यावर. गाणाऱ्या खोलीला स्वतंत्र जड सिलिंग करा, पण एक चूक करू नका. जिप्समचे दोन थर म्हणजे १० बाय १२ ला दोनशे किलोच्या वर वजन. ते टिनाच्या पाईपांना लटकवू नका. एक तर ते पाईप एवढ्या वजनाचे नसतात, दुसरं म्हणजे टिनाची थरथर सरळ खाली येईल. भिंतीतून भिंतीत लोखंडी चौकोनी पाईप टाका, टिनाला कुठेही शिवू देऊ नका, बोर्ड त्यावर. वर रॉकवूलच्या लाद्या पसरा. ते काम करताना तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाही तर रात्रभर खाजवत बसाल.

पत्र्याच्या नागमोडी खाचांत आधी रॉकवूल ठासा, वरून सीलंट. नुसता मसाला भरला तर टिन उन्हानं ताणलं-आखडलं की आठ दिवसांत गळून पडेल.

उन्हाळी_सुट्टी | १७ एप्रिल, दुपारी १२:३०

सगळं बंद केलं. भिंत बंद, दार बंद, फटी बंद. आता सांगा, ४५ डिग्रीत आत पाच भजनी, एक पेटी, एक खंजिरी. कूलर कुठे?

पऱ्हाटी | १७ एप्रिल, दुपारी १२:४४

हाव, हे खरं इचारलं. कूलरले तं खिडकी उघडी लागते. बंद खोलीत कूलर म्हणजे अर्ध्या घंट्यात वाफारा. पेटीचे सूर चिकटतीन, खंजिरीचं कातडं ढिलं पडन. आमच्या मंडळात तं वाजवण्याआधी खंजिरी गोवऱ्यावर शेकतेत.

घुम्मट | १७ एप्रिल, दुपारी २:००

याला सोपं उत्तर नाही. पुण्यात आम्ही एसी म्हणून मोकळे होतो, पण साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. बंद खोलीत पाच माणसं अर्धा तास गायली की डोकं जड होतं, सूर पडतो, आणि दोष गायकाला मिळतो.

हवेसाठी नागमोडी पेटी करा. प्लायची लांब पेटी, आत आडवे पडदे एक इकडून एक तिकडून, आतून अस्तर रॉकवूल आणि कापडाचं. हवा वळणं घेत जाते, आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात जिरतो. एक पेटी हवा आत यायला, एक बाहेर जायला. वळणात हवा अडते, म्हणून पेटी ऐसपैस ठेवा, नाही तर तीच शिट्टी मारते. कूलरची हवा यातून आणता येते, पण कूलर खोलीपासून लांब ठेवा आणि टेक घेताना बंद करा. गाणं पाच मिनिटांचं, तेवढा गारवा टिकतो.

वैनगंगाकाठ | १७ एप्रिल, रात्री ९:१०

आम्ही टेक संपला की ओरडतो, "हवा!" आणि सगळे बाहेर पळतात. खर्च शून्य.

सांजवात | १८ एप्रिल, सकाळी ७:०५

मध्ये काचेची खिडकी करणार आहात का? फोटोंत फार छान दिसते.

घुम्मट | १८ एप्रिल, सकाळी ९:२०

दिसते छान, पण भिंतीला पाडलेलं ते सगळ्यात महाग भोक. करायचीच तर वेगवेगळ्या जाडीच्या दोन काचा, समजा ६ आणि १० मिलिमीटर, मध्ये चार इंच, दोन्ही रबरात बसवलेल्या. नाही तर जुना मोबाईल तिकडे लावा आणि इकडे पडद्यावर बघा. बुवांचे हातवारे तेवढ्यात दिसतात.

खंजिरीवाला | ९ ऑगस्ट, रात्री १०:४०

धागा वर काढतोय, पेरणी-डवरणीत वेळच मिळाला नाही.

काय झालं ते सांगतो. भिंत टिनापर्यंत नेली, गावच्याच मिस्त्रीनं दोन दिवसांत. वर विटा मांडताना तो तीनदा म्हणाला, "इथं कोण पाहणार?" खाचांत रॉकवूल ठासलं. भेगांना सीलंट. फ्लश डोअर काढून हिंगणघाटच्या एका पाडलेल्या घरातलं जुनं सागवानी दार आणलं. दोघांनी उचललं तरी कंबर धरली. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरपट्टी, खाली उंबरठा. पूर्वी आजीनं या घरात सगळ्या दारांना उंबरठे ठेवले होते, बाबांनी फरशी करताना काढले. आता परत आला म्हणून आजीनं हळद-कुंकू वाहिलं.

मोबाईलच्या ॲपनं मोजलं. ॲपचे आकडे अगदी खरे नसतील, पण आधी आणि नंतर तेच ॲप, तीच जागा. आधी इकडे ८५ असताना तिकडे ६० यायचे. आता ४६. त्या ४६ मध्ये बाहेरच्या बेडकांचाही वाटा आहे.

या सगळ्याला साडेअकरा हजार लागले. फोम एक इंचही घेतला नाही. पऱ्हाटीभाऊ, गायकांच्या मागे घरच्या कापसाच्या दोन गाद्या टांगल्यात, बोर्डापासून लांब. घुमणं गेलं. ट्रे शेजारच्या पोल्ट्रीवाल्याला दिले.

जड सिलिंग पैशाअभावी राहिलंय, म्हणून पाऊस सुरू झाला की टिनावर असा ताशा वाजतो की रेकॉर्डिंग बंद. जुलैत नऊ दिवस काम झालं नाही. हे आधी कळायला हवं होतं, पण माझंच लक्ष मधल्या भिंतीवर.

पऱ्हाटी | ९ ऑगस्ट, रात्री १०:५२

गाद्या! मी पयल्याच दिवशी म्हटलं होतं.

निवृत्त_ओव्हरसिअर | १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

उत्तम. त्या भेगा पुन्हा मार्चमध्ये तपासा, आत्ता माती फुगलेली आहे. आत्ता बंद दिसतं त्यावर जाऊ नका.

घुम्मट | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

अडवणूक २५ डेसिबलवरून ३९ वर. साडेअकरा हजारांत माझ्याकडे कोणी एवढं करून दाखवलेलं नाही. आता आवाज निसटतोय तो बहुतेक दारातूनच. दुसऱ्या बाजूनं आणखी एक दार लावा, दोन्हींत भिंतीच्या जाडीएवढी पोकळी राहील. दोन साधी दारं एका भारी दारापेक्षा बरी पडतात. आणि हवेच्या पेटीचं काय झालं?

खंजिरीवाला | १० ऑगस्ट, रात्री ९:००

पेटीचं माप सुताराला दिलंय, दुसऱ्या दाराचंही. पण तो सध्या तान्ह्या पोळ्याचे नंदीबैल करण्यात गुंतलाय. गेलो तर अंगणात चाकाविना वीस-बावीस बैल उभे. म्हणाला, पोरांचे बैल आधी, तुमचा आवाज पोळा झाल्यावर अडवू.